वादळात कुत्र्यांना आत घेतलं म्हणून दंड? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीवर छोटासा लेख आला होता. कुत्र्यांनी ओढायची स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी गाडी, सगळीकडे बर्फ, आणि अंतर साधारण १००० मैल, म्हणजे १६०० किलोमीटर. त्या लेखात एक ओळ होती की २०२२ साली वादळात कुत्र्यांना केबिनमध्ये घेतलं म्हणून काही स्पर्धकांना शिक्षा झाली. झालं, निम्मी पत्रं त्या एका ओळीवरच आलीत. काही रागाची, काही नुसती गोंधळलेली, आणि एका काकूंनी तर थेट 'असल्या लोकांना त्याच वादळात बसवा' असं लिहिलंय. सगळी छापणं शक्य नाही, निवडक घेतलीत.

डोंबिवलीहून एक वाचक: ताई, ही बातमी खरी आहे का? थंडीत मरायला टेकलेल्या जनावराला आत घेतलं तर शाबासकी द्यायची की दंड करायचा? हे नियम कोण बनवतं?

खरी आहे हो दादा, पण जरा पूर्ण ऐका. मार्च २०२२, शर्यतीचा शेवटचा टप्पा, शर्यत जिथे संपते ते नोम गाव आता जवळ आलेलं, आणि बेरिंग समुद्राच्या त्या उघड्या किनाऱ्यावर वारा असा सुटला की खाली पडलेला बर्फच उडून वर यायला लागला, समोरचं काही दिसेना. बरेच स्पर्धक अडकले, काहींनी मदत मागितली, काहींनी तिथेच माघार घेतली. डेन्मार्कची मिले पोरसिल्ड आणि कॅनडाची मिशेल फिलिप्स या दोघींनी आपली कुत्री निवाऱ्याच्या केबिनमध्ये आत घेतली. अलास्कातल्याच फेअरबँक्सचा रायली डायश, त्यानेही घेतली. तेव्हाचा नियम असा होता की कुत्र्यांना आत न्यायचं नाही, पशुवैद्यकाला तपासायचं असेल किंवा उपचार करायचे असतील तेवढाच अपवाद. मग काय, पोरसिल्ड १४ व्या नंबरवरून १७ वर गेली, फिलिप्स १७ वरून १८ वर, आणि डायशला १००० डॉलर दंड झाला. त्याचा नंबर मात्र तसाच ठेवला, कारण त्याच्या आसपासच्या स्पर्धकांवर त्याला काही फायदा मिळाला नाही असं अधिकाऱ्यांचं म्हणणं.

आता गंमत बघा. शर्यतीचे मुख्य अधिकारी मार्क नॉर्डमन यांनीच पत्रकारांना सांगितलं की दोघींनी कुत्र्यांच्या दृष्टीने योग्य तेच केलं यात शंका नाही, पण त्याचा पुढच्या स्पर्धेवर परिणाम झाला. म्हणजे योग्यही केलं आणि शिक्षाही. हे वाचून मला आधी हसू आलं, मग लक्षात आलं की तो माणूस खोटं बोलत नाहीये, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. केबिनमध्ये उबेत झोपलेली कुत्री आणि बाहेर वाऱ्यात वेटोळं करून पडलेली कुत्री, दुसऱ्या दिवशी कोण ताजंतवानं पळणार? बाहेर राहिलेल्याने नियम पाळला, त्याच्यावर अन्याय नको, एवढाच त्यामागचा विचार आहे, क्रूरपणा वगैरे नाही.

पण मला स्वतःला हा नियम असाच्या असा पटत नाही. वादळात उभ्या माणसाच्या डोक्यात 'आत नेलं तर नंबर जाईल' हा हिशोब येताच कामा नये. तो आला की कधी ना कधी, कोणीतरी, नंबर वाचवायला कुत्री बाहेर ठेवणार. या दोघींनी नंबरवर पाणी सोडलं हे त्यांचं मोठेपण झालं, पण मोठेपणाच्या भरवशावर नियम कसा चालवायचा? कुत्री आत घेऊ दे, घेतल्यावर ठरलेले तास तिथेच थांबायची सक्ती करा, सगळ्यांना सारखी. फायदा तिथेच फिटला, शिक्षेचा प्रश्नच आला नाही. हे माझं मत आहे, अलास्कात मला कोण विचारतंय म्हणा.

नाशिकहून, नववीतली वाचक: ही कुत्री दिवसरात्र पळतात का? आणि दमली तर थांबायचं कोण ठरवतं?

छान प्रश्न. मोठ्यांपैकी कोणी हा विचारलाच नाही. दिवसरात्र पळतात पण सलग नाही. साधारण काही तास पळायचं, जवळपास तेवढेच तास थांबायचं, मग परत, असं ते चक्र चालू असतं. किती पळायचं किती थांबायचं हे स्लेज चालवणारा ठरवतो, त्याला मशर म्हणतात. पण सगळंच त्याच्यावर सोडलेलं नाही. एक २४ तासांची विश्रांती घ्यावीच लागते, एक ८ तासांची यूकॉन नदीवरच्या एखाद्या चेकपॉइंटला, आणि शेवटची ८ तासांची व्हाइट माउंटन नावाच्या गावात, जिथून नोम फक्त ७७ मैल राहतं. विचार कर, शेवट दिसतोय, मागचा जवळ येतोय, आणि तू ८ तास बसून आहेस.

डोंबिवलीच्या दादांना वर जे सांगितलं त्याचं हे बरोबर उलटं उदाहरण आहे बघ. या विश्रांतीत कोणाचंच नुकसान नाही कारण सगळ्यांनाच बसायचंय, म्हणून ती लपूनछपून टाळायचा मोह पण होत नाही आणि त्यावर भांडणंही होत नाहीत. कुत्र्याची काळजी जेव्हा सगळ्यांना सारखीच महाग पडते ना, तेव्हा ती नीट घेतली जाते.

विश्रांती कुत्र्यांची असते, माणसाची नाही, हे पण लक्षात घे. कुत्री गवताच्या पेंढ्यावर झोपतात आणि मशर बर्फ वितळवून पाणी करतो, गरम खाणं बनवतो, सगळ्यांना वाढतो, पाय तपासतो. १६ कुत्री असतील तर ६४ पाय, प्रत्येक पायाला कापडी बूट, आणि ते चढवायचे उघड्या बोटांनी कारण जाड हातमोजे घालून वेलक्रो लागत नाही. प्रत्येक कुत्र्यामागे किमान ८ बूट जवळ असलेच पाहिजेत असा नियम आहे. तुझ्या बाईंनी शाळेच्या बुटांवरून ओरडलं तर हे सांगू नकोस.

कोल्हापूरहून, पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले वाचक: शर्यतीआधी वैद्यकीय तपासणी होते असं लेखात होतं. नेमकी काय तपासणी? आणि ती असूनही कुत्री मरतात हे खरं का? मला गोड गोड उत्तर नको.

डॉक्टरसाहेब, तुम्हाला गोड उत्तर देऊन मला पुढच्या महिन्यात परत तुमचं पत्र नकोय.

शर्यतीआधी प्रत्येक कुत्र्याचा ईसीजी काढतात, रक्त तपासतात, शारीरिक तपासणी होते, अंगात मायक्रोचिप असते. वाटेत प्रत्येक चेकपॉइंटला पशुवैद्यक असतात, मशरजवळ कुत्र्यांच्या तब्येतीची वही असते आणि तिच्यावर सह्या होत जातात, ती वही हरवून चालत नाही. उत्तेजक औषधांची चाचणी असते. थकलेलं किंवा लंगडणारं कुत्रं चेकपॉइंटला मागे सोडता येतं, तिथून स्वयंसेवक पायलट छोट्या विमानांनी त्यांना परत नेतात. सोडल्याबद्दल दंड नाही, पण त्याच्या जागी नवं कुत्रं घेता येत नाही, आणि नोमला पोचताना निदान ५ तरी जुंपलेली असावी लागतात. त्यामुळे इथे मशरचा स्वार्थ आणि कुत्र्याचं हित बऱ्यापैकी एका बाजूला येतं, लंगडं कुत्रं जुंपून ठेवून कोणाचाच वेग वाढत नाही.

तुम्हाला रस वाटेल म्हणून सांगते, या कुत्र्यांना शर्यतीत दिवसाला १०,००० कॅलरीच्या आसपास लागतात, भरपूर चरबी असलेलं खाणं. ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीच्या मायकल डेव्हिस यांनी त्यांच्यावर बरीच वर्षं काम केलंय. पळायला लागून थोडे दिवस झाले की शरीर इंधन वापरायची पद्धतच बदलतं आणि कुत्री त्या श्रमाला सरावतात, हे त्यातून पुढे आलं. पण त्याच गटाच्या अभ्यासात शर्यत संपवलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या जठरात जखमा दिसल्या. त्यानंतर ॲसिड कमी करणारी औषधं देणं सुरू झालं. आता बघा, एकच संशोधन, शर्यतीचे समर्थक पहिला भाग सांगतात आणि विरोधक दुसरा, दोन्ही एकत्र सांगणारा माणूस क्वचित भेटतो.

आणि हो, मरतात. १९७३ ची पहिली शर्यत तर फार वाईट होती, त्यात पंधराएक कुत्री गेली आणि आजचे बरेच नियम त्या बदनामीनंतर आलेत. पेटा या प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचा दावा आहे की आत्तापर्यंत १५० च्या वर कुत्री गेली. २०१० ते २०१२ अशी वर्षंही होती की शर्यतीत एकही गेलं नाही. २०२४ ला तीन गेली, बॉग, जॉर्ज आणि हेन्री, बॉग तर जेमतेम दोन वर्षांचा, चेकपॉइंटच्या अगदी जवळ येऊन कोसळला. २०२५ ला व्हेंताना नावाची चार वर्षांची कुत्री गेली आणि शवविच्छेदनात कळलं की ती गाभण होती. तुम्ही विचाराल, एवढा ईसीजी, एवढं रक्त, आणि हे कसं सुटलं? मीही तेच विचारते. तपासणी म्हणजे आपण जे शोधतो तेवढंच सापडतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

आता नियम असा आहे की टीममधलं कुत्रं गेलं तर मशरला माघार घ्यावीच लागते, मृत्यू त्याच्या हाताबाहेरच्या एखाद्या बाहेरच्या कारणाने झाला असेल तर तेवढी सूट. २०१६ मध्ये नुलाटो गावाजवळ एका दारू प्यायलेल्या माणसाने स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी मोटारगाडी, दोन टीमवर घातली, त्यात जेफ किंग या मशरचं नॅश नावाचं कुत्रं गेलं. अशा वेळी मशरला बाहेर काढण्यात काय अर्थ, म्हणून ती सूट. मला हा नियम चांगला वाटतो. कारण त्याने चूक कोणाची हे वाटेत बर्फात बसून ठरवावं लागत नाही. कुत्रं गेलं, तुमची शर्यत संपली. कडक आहे, एखाद्या बिचाऱ्यावर अन्यायही होत असेल, पण इथे अन्याय कोणावर व्हायचाच असेल तर तो माणसावर होऊ दे, त्याने फॉर्म स्वतः भरलेला असतो.

अजून एक, २०१३ चा डोराडो. हे कुत्रं पळताना गेलंच नाही. पेज ड्रॉबनी या त्याच्या मशरने त्याला नीट, नियमाप्रमाणे मागे सोडलं होतं, उनालक्लीट गावात ते परत जायच्या विमानाची वाट बघत होतं, वादळ आलं आणि उडत्या बर्फाखाली गाडलं जाऊन गुदमरून मेलं. मशरची जबाबदारी संपली होती, आयोजकांची नीट सुरू झाली नव्हती. त्यानंतर मागे राहिलेल्या कुत्र्यांसाठी निवारे बांधले. बघा म्हणजे, मागे सोडलेल्यांसाठी निवारा हवा हे २०१३ ला पटलं, आणि पळणाऱ्यांना निवाऱ्यात नेलं म्हणून २०२२ ला शिक्षा. असो, परत तिथेच आले मी.

मंचरहून एक गाडामालक: आमच्या बैलगाडा शर्यतीवर बंदी आणली तेव्हा सगळे शहरातले लोक टाळ्या वाजवत होते. आमचा बैल मिनिटभरसुद्धा पळत नाही. तिकडे १६०० किलोमीटर पळवतात ते चालतं? गोऱ्यांना वेगळा न्याय का?

भाऊ, राग समजतो. पण त्यांना कोणी विचारत नाही हे काही खरं नाही. तिकडे दरवर्षी निदर्शनं होतात, आणि पेटाच्या मोहिमांनंतर मोठमोठे प्रायोजक एकेक करून गेले. अलास्का एअरलाइन्ससारखी घरची कंपनी गेली, एक्सॉनमोबिल गेली. कायद्याने बंदी आली नाही, पण पैशाच्या बाजूने चांगलाच दाब आला. आपल्याकडे उलटं झालं, कोर्टात लढाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बंदी घातली, २०१७ ला महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, तरी गाडे सुटले नाहीत, मग डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती दुरुस्ती कायम ठेवली. तुम्हाला हे तारखांसकट पाठ असणार, बाकीच्यांसाठी लिहिलं.

अंतराची तुलना मात्र करू नका, ती तुमच्या बाजूने दिसते पण तशी नाहीये. बैल हे दमाने काम करणारं जनावर, त्याला भिर्रर्र करून घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, सोडायचं हाच त्याच्यावरचा ताण. ही कुत्री तासन् तास एका लयीत पळायलाच पैदास केलेली. प्रश्न किती पळवलं हा नाही, पळवताना काय केलं आणि ते बघायला कोण उभं होतं हा आहे. काठी नाही, चाबूक नाही, विजेचा झटका नाही, पशुवैद्यकाचा दाखला हवा, हे आपल्याही नियमात आहेच की. पण तुमच्या घाटात बारी सुटायच्या आधी डॉक्टरने 'हा बैल आज पळणार नाही' असं म्हटलं आणि मालकाने गपचूप बैल मागे घेतला, असं तुम्ही स्वतः बघितलंय का? बघितलं असेल तर मला नक्की कळवा, नावगाव न घेता छापते, खरंच छापते. तिकडे हे होतं. २००७ मध्ये रेमी ब्रूक्स नावाच्या नामांकित मशरने कुत्री उठेनात म्हणून त्यांना मारलं, गावातल्या लोकांनी बघितलं आणि सांगितलं, तर त्याला अपात्र ठरवून पुढच्या दोन शर्यतींना बंदी घातली. त्याच्या मोठ्या नावाने त्याला वाचवलं नाही.

पुण्याहून एक वाचक: सहा वेळा जिंकलेल्या माणसाने शर्यतीत मूस मारला आणि त्याला तो नीट साफ केला नाही म्हणून शिक्षा झाली, हे कुठेतरी वाचलं. हा काय विनोद आहे?

विनोद नाही, पण वाचताना वाटतो खरा. मूस म्हणजे तिकडचं अवाढव्य सांबर समजा, बर्फात खोल रुतायला नको म्हणून ते पण याच दाबलेल्या वाटेवर येतं आणि समोरून आलेली कुत्री त्याला लांडग्यांसारखी वाटत असावीत. १९८५ ला सुझन बुचरच्या टीमवर मूस धावून आला, दोन कुत्री गेली, तिची ती शर्यत तिथेच संपली. ते वर्ष लिबी रिडल्स जिंकली, पहिली बाई, आणि पुढे बुचर चार वेळा जिंकली.

२०२४ ला डॅलस सीव्हीच्या कुत्र्यांवर रात्री मूस आला, फालू नावाची कुत्री गंभीर जखमी झाली, त्याने पिस्तुलाने मूस मारला. इथवर कोणाची तक्रार नाही. पण नियम असा आहे की जीव वाचवायला मोठं खाण्याजोगं जनावर मारावं लागलं तर त्याची आतडी काढून मांस टिकेल असं करायचं आणि पुढच्या चेकपॉइंटला कळवायचं. मागून येणाऱ्यांनी पण थांबून मदत करायची. अलास्कात मांस वाया घालवणं हा चेष्टेचा विषय नाही, त्या भागातली घरं शिकारीच्या मांसावर जगतात. सीव्ही तिथे दहाच मिनिटं थांबला आणि पुढे निघाला. काम अर्धवट राहिलं म्हणून त्याच्या २४ तासांच्या विश्रांतीत दोन तास वाढवले. ते मांस नंतर उचलून वाटलं गेलं. फालूला विमानाने अँकरेजला नेऊन शस्त्रक्रिया केली, ती वाचली. आणि सीव्ही एवढं होऊनही जिंकला, तीच त्याची सहावी, रिक स्वेन्सनचा पाचचा विक्रम त्याने तिथे मोडला.

मला इथे खटकतं ते वेगळंच. स्लेजमध्ये जखमी कुत्री आहे आणि नियम सांगतो की आधी मेलेल्या मूसचं बघ. बाजू दोन्ही खऱ्या, पण असा नियम करताना 'टीममधलं कुत्रं जखमी असेल तर' हे पाच शब्द घालायला काय जात होतं? शिक्षा देताना त्यांनी विचार केलाही असेल, दोनच तास दिले, पण शिक्षा देताना विचार करणं आणि नियमातच लिहून ठेवणं यात फरक आहे. (त्याच शर्यतीत जेसी होम्सने मूसच्या नाकावर बुक्की मारून वाट काढली. त्याला शिक्षा नाही, बुक्कीबद्दल नियमच नाही.)

साताऱ्याहून एक वाचक: कुत्र्यांना पळायचं नसेल तर? त्यांना कोण विचारतं?

थोडंफार ती स्वतःच सांगतात. २०१९ ला निकोलस पेटिट नावाचा मशर शर्यतीत सगळ्यात पुढे होता, मागच्याला चांगली पाच तासांची आघाडी, जवळजवळ जिंकल्यात जमा. वाटेत एक कुत्रं दुसऱ्याला त्रास देत होतं म्हणून तो त्याच्यावर ओरडला. आणि टीम थांबली. सगळीच्या सगळी. खायला घातलं, थांबून बघितलं, काही नाही, उठायचं नाव नाही. मागचे सगळे पुढे गेले, पेटिटने माघार घेतली आणि पीट कायझर जिंकला, अलास्कातल्या मूळ रहिवाशांपैकी यूपिक समाजाचा पहिला विजेता. १४-१५ कुत्र्यांना माणसाने ओढून कुठेच नेता येत नाही, स्लेजला इंजिन नाही, लगाम नाही, आहे तो आवाज. तेव्हा सक्तीने १००० मैल पळवता येतं हे मला पटत नाही.

पण यावरून लगेच 'बघा, कुत्र्यांना आवडतं म्हणून पळतात' असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. पळायला आवडणं आणि कुठे थांबावं हे कळणं वेगळं. उत्साही कुत्रं दुखरा खांदा घेऊन पळत राहतं, म्हणून तर पशुवैद्यक लागतो. शिवाय हे सगळे नियम शर्यतीच्या नऊदहा दिवसांचे. वर्षातले बाकीचे दिवस ती कुत्री कुठे असतात, साखळीला असतात का, म्हातारी झाली किंवा हळू पडली की त्यांचं काय होतं, तिथे चेकपॉइंट नाही, वही नाही, सही नाही. विरोधकांचा हा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो आणि समर्थक त्याच्यावरच सगळ्यात कमी बोलतात. चांगले मशर निवृत्त कुत्र्यांना घरात ठेवतात, चांगली घरं शोधतात. चांगले नसलेल्यांचं काय, हाच तर प्रश्न.

कोथरूडहून: आमच्याकडे सायबेरियन हस्की आहे, फ्लॅटमध्ये एसी लावून ठेवतो. त्याला पण ही शर्यत जमेल का?

नाही. इडिटारॉडची बहुतेक कुत्री अलास्कन हस्की असतात, ती दिसायला तुमच्याकडच्याइतकी देखणी नसतात, किडकिडीत, मिश्र जातीची, कामापुरती. १९८० च्या दशकाच्या शेवटी जॉन सूटर नावाचा माणूस चक्क पूडल घेऊन उतरला होता, त्यांचे पाय गारठले, केसांत बर्फाच्या गाठी झाल्या, आणि त्यानंतर फक्त थंड प्रदेशातल्या जातीच चालतील असा नियम आला. तुमच्या हस्कीला पुण्याच्या मे महिन्यातून नीट पार पाडा, पहाटे उजाडायच्या आधी फिरवा, दुपारी डांबरी रस्त्यावर नेऊ नका. अहो, अलास्कातसुद्धा मशर लोक शून्याच्या आसपास तापमान गेलं तर उकाडा म्हणतात आणि दिवसा थांबून रात्री पळवतात.

मिनिआपोलिसहून एक वाचक: इथे जवळच डुलुथला जॉन बेअरग्रीस मॅरेथॉन ही स्लेज शर्यत असते. मुलांना बघायला न्यायची इच्छा आहे पण बायको म्हणते की असल्या गोष्टींना गर्दी करून आपण हातभार लावायचा नाही. काय करावं?

आधी हवामान बघा. बर्फच नाही म्हणून २०२४ ची रद्द झाली होती. इडिटारॉडला पण २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ अशी चार वेळा बर्फाअभावी सुरुवात फेअरबँक्सला हलवावी लागली, तेव्हा हा सगळा वाद मिटवायचं काम कदाचित हवामानच करेल.

वहिनींचं म्हणणं चुकीचं नाही, तुमचंही नाही. मी तुमच्या जागी असते तर गेले असते, पण सुरुवातीची धमाल बघून परत फिरले नसते. सुरुवातीला सगळीच कुत्री उड्या मारतात, भुंकून कान किटवतात, त्यावरून काही कळत नाही. मधल्या एखाद्या चेकपॉइंटला लोकांना जाऊ देत असतील तर तिथे जा. टीम आल्यावर मशर आधी काय करतो ते बघा, स्वतः कॉफीकडे जातो की कुत्र्यांचे बूट काढायला वाकतो. पशुवैद्यक किती वेळ देतो, सांध्यांना हात लावतो की नुसता बघून सही करतो. कुत्री खातात का, ज्यांना मागे ठेवलंय त्यांच्यापाशी कोणी थांबलंय का. वहिनींनाच सोबत न्या, त्यांची नजर तुमच्यापेक्षा कडक दिसतेय, आणि आल्यावर दोघांनी वेगवेगळं पत्र लिहा, एकमेकांना न दाखवता. घरात कुत्रं असेल तर ते घरीच ठेवा, तिथे पाळीव कुत्री नेली की टीम बिथरतात. आणि मुलांना दोन जोड मोजे.